रक्तातली मेदाम्लं: न्यूमोनिया, डेंग्यू आणि आमवाताचे नमुने एकाच तागडीत तोलायचे का?

वडगाव_बायोकेम

नमस्कार मंडळी. जंतुसंसर्ग आणि ऑटोइम्यून आजार, या दोन्ही प्रकारच्या दाहात रक्तातल्या मेदाम्लांची (फॅटी ॲसिडची) पातळी कशी बदलते, हा प्रबंधाचा विषय आहे. गट तीन. पहिल्यात न्यूमोनिया, डेंग्यू आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस) दाखल पेशंट, दुसऱ्यात ओपीडीत येणारे आमवात (ऱ्हुमॅटॉइड) आणि ल्युपसचे, तिसऱ्यात निरोगी माणसं. प्रत्येक गटात ३०. नमुने खानापूर, निपाणी आणि चिकोडीहून येणार, मेदाम्लं मोजायचं यंत्र, जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ), मात्र बेळगावात.

पायलटमध्ये प्लाझ्मातली सगळी मेदाम्लं एकत्र मोजली आणि टक्केवारी काढली. संसर्गाच्या गटात लिनोलेइक खाली, पामिटिक आणि ओलेइक वर, ईपीए आणि डीएचए (माशातली दोन ओमेगा-३ मेदाम्लं) तर तळालाच. "संसर्गात ओमेगा-३ ची कमतरता होते असं लिहून मोकळा हो" असा सल्ला मिळालाय, पण पचत नाही. दोन दिवसांच्या तापात कुणाचं डीएचए इतकं कसं उतरेल?

प्रश्न असे:
१. प्लाझ्मा घ्यावा की तांबड्या पेशी?
२. टक्केवारी लिहावी की मिलिमोल?
३. तालुक्याच्या ठिकाणी उणे २० चा डीप फ्रीज आहे, उणे ८० चा नाही. तिथं आठवडाभर साठवून एकदम आणले तर चालतील काय?
४. आहाराचं काय काय विचारावं? इकडं घरोघरी शेंगतेल, करडई, जवसाची चटणी, वर आठवड्याला बांगडा. सगळी खिचडी आहे.

काचनळी

तुमची शंका बरोबर आहे. दोन दिवसांत डीएचए "संपत" नाही. तुम्ही जे बघालाय ते बहुतेक टक्केवारीचं गणित आहे. आधी तेच सोडवू, मग नळ्यांकडं वळू.

टक्केवारी म्हणजे भाऊबंदकीतली वाटणी. जमीन तेवढीच धरली तर एकाचा हिस्सा वाढला की दुसऱ्याचा घटणारच. इथं तर जमीनच वाढालीय. ताप, टीएनएफ (दाहाचा निरोप देणारं प्रथिन), कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन यांच्या जोरावर चरबीच्या पेशीतून मोकळी मेदाम्लं सुटतात, यकृत त्यांची ट्रायग्लिसराइडं बांधतं आणि व्हीएलडीएलमध्ये (चरबी वाहून नेणाऱ्या कणांत) भरून रक्तात सोडतं. त्याच वेळी ती फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज मंदावलेलं असतं. म्हणून संसर्गात ट्रायग्लिसराइड चढतं आणि एचडीएल, एलडीएल उतरतात. या नव्या ट्रायग्लिसराइडात भरणा कुणाचा? पामिटिक आणि ओलेइकचा. ईपीए-डीएचएचं मुख्य घर फॉस्फोलिपिड (पेशींची पटलं ज्याची बनतात ती चरबी), ते तेवढं फुगत नाही.

समजायला सोपे आकडे धरू. एकूण मेदाम्लं लिटरला १० मिलिमोल, त्यात लिनोलेइक ३ आणि ईपीए + डीएचए ०.३. म्हणजे ३० टक्के आणि ३ टक्के. आता तापात व्हीएलडीएलमधून आणखी ५ मिलिमोल आले, त्यात लिनोलेइक ०.७५ आणि ईपीए + डीएचए ०.०५. एकूण झाले १५. लिनोलेइक ३.७५, म्हणजे २५ टक्के. ईपीए + डीएचए ०.३५, म्हणजे २.३ टक्के. प्रत्यक्षात दोन्ही वाढलीत, कागदावर दोन्ही "कमी" झालीत. पायलटच्या आठ-दहा नमुन्यांवर स्वतः हे करून बघा. ट्रायग्लिसराइड आडव्या अक्षावर, लिनोलेइकचे टक्के उभ्या अक्षावर. ठिपके उतरत्या रांगेत बसले तर उत्तर तिथंच मिळालं.

उलटही होतं, तेही ध्यानात ठेवा. सेप्सिसमध्ये फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल एस्टरच घटतात, तेव्हा लिनोलेइक आणि अ‍ॅराकिडोनिक (लिनोलेइकपासून बनणारं ओमेगा-६) खरोखर मिलिमोलमध्येही पडतात. कुठला प्रकार आहे ते टक्केवारी सांगू शकत नाही. म्हणून दोन्ही लिहा, टक्के आणि मिलिमोल. आकडेशास्त्राला नुसते टक्के टाकणार असाल तर आधी लॉग-रेशो (दोन मेदाम्लांच्या गुणोत्तराचा लॉग) करून घ्या, नाहीतर शंभरची बेरीजच खोटे सहसंबंध दाखवते.

मिलिमोल हवे तर आंतरिक प्रमाण (तुलनेसाठी नमुन्यात घालायचं ठराविक मात्रेचं मेदाम्ल) काढणीच्या आधीच, मोजून घालायला हवं. बरेच जण १७ कार्बनचं हेप्टाडेकॅनोइक आम्ल वापरतात. आपल्याकडं ते नको. दुधाच्या चरबीत ते थोडं असतंच, आणि दही-तूप रोज खाणाऱ्याच्या रक्तात येतं. २१ कार्बनचं घ्या.

आता टोपल्या. रक्तात मेदाम्लांच्या आपल्या कामाच्या चार टोपल्या आहेत आणि प्रत्येकीची आठवण वेगळी. मोकळी मेदाम्लं काही तासांची गोष्ट सांगतात. ट्रायग्लिसराइड कालच्या जेवणाची आणि आजच्या तापाची. प्लाझ्मा फॉस्फोलिपिड दोन-चार आठवड्यांची. तांबडी पेशी १२० दिवस जगते, म्हणून तिचं पटल मागच्या तीन-चार महिन्यांचं सांगतं. ओमेगा-३ निर्देशांक हा पेशीतल्या ईपीए + डीएचएचा टक्का, तो २००४ मध्ये मांडला गेला. ४ च्या खाली कमी, ८ च्या वर चांगला. पेशंट आजारी पडण्याआधी काय खात होता हे विचारायचं तर पेशी घ्या. आजारानं काय केलं हे विचारायचं तर प्लाझ्मा घ्या, पण फॉस्फोलिपिड वेगळं काढून. प्लाझ्मा सगळा एकत्र मोजणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गोंधळाचा मार्ग.

पेशींमध्ये तुमच्या विषयातलाच एक खड्डा आहे. प्लाझ्मा आणि तांबड्या पेशींच्या मधे जो पांढरट पापुद्रा बसतो, त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात, आणि त्या अ‍ॅराकिडोनिकनं भरलेल्या. निरोगी माणसात तो पापुद्रा नावापुरता. न्यूमोनियात पांढऱ्या पेशी २०,००० असल्या की तो जाड येतो, आणि आळस केला तर पेशींबरोबर नळीत जातो. मग "न्यूमोनियात अ‍ॅराकिडोनिक वाढलं" असा शोध लागतो. डेंग्यूत बरोबर उलट, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घटलेल्या. म्हणजे एकाच गटातले दोन आजार चुकीला दोन दिशांनी ओढणार. पापुद्रा काढताना खालच्या तांबड्या थराचे वरचे दोन मिलिमीटरही सोडून द्या. मग ०.९ टक्के सलाइननं तीनदा धुवा, दर वेळी १५०० जी वर १० मिनिटं, आणि दर वेळी वरचा थर पुन्हा खेचून टाका.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट: उणे २० नको. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचं लोह आहे. उणे २० वर ते जागंच असतं आणि ईपीए, डीएचए, अ‍ॅराकिडोनिकला खवट करत राहतं. काही आठवड्यांतच आकडे उतरतात, आणि जे नमुने जास्त दिवस पडून राहिले त्यांचे जास्त. खानापूरचे नमुने लवकर आले, चिकोडीचे उशिरा, तर तुम्हाला "तालुकानिहाय फरक" सापडेल!

त्यापेक्षा गोठवूच नका. ईडीटीएच्या नळीतलं अख्खं रक्त ४ अंशांवर दोन दिवस सहज टिकतं, पेशींच्या मेदाम्लांपुरतं. निपाणीहून हायवेनं दीड-दोन तासांची वाट, खानापूर तर त्याहून जवळ. नळ्या स्टँडमध्ये उभ्या, बर्फाची पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून, नळीला थेट चिकटू द्यायची नाही. चिकटली तर पेशी फुटतात आणि प्लाझ्मा लालसर होतो. बेळगावात आल्यावर वेगळं करा, बीएचटी (खवटपणा रोखणारं रसायन) घाला, उणे ८० ला टाका.

मोकळी मेदाम्लं मोजणार असाल तर हा हिशोब चालत नाही. नळीतसुद्धा लायपेज काम करत राहतं. रक्त काढल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, बर्फावर, जागेवरच प्लाझ्मा वेगळा व्हायला हवा. तालुक्याला थंड सेंट्रिफ्यूज नसेल तर हा भाग प्रबंधातून काढूनच टाका.

जीसीत घालायच्या आधी मेदाम्लांचे मेथिल एस्टर करावे लागतात, त्यासाठी: १४ टक्के बोरॉन ट्रायफ्लोराइड-मेथॅनॉल, टोल्यूइन आणि मेथॅनॉल ३५:३०:३५, टेफ्लॉन अस्तराचं झाकण घट्ट लावून १०० अंशांवर ४५ मिनिटं. गार झाल्यावर हेक्झेन आणि पाणी, हलवून फिरवा, वरचा थर घ्या. सोडियम मेथॉक्साइडचा झटपट मार्ग पकडू नका, त्यानं मोकळी मेदाम्लं एस्टर होतच नाहीत. प्लॅस्टिकच्या नळ्या, साबण, बोटांचे ठसे, सगळ्यांतून पामिटिक आणि स्टिअरिक येतं, म्हणून रोज एक कोरी नळी चालवा. काही कॉलमवर डीएचएला नर्व्होनिक आम्ल चिकटून येतं. शिखराला खांदा दिसला तर तापमानाचा उतार बदला, हातानं रेघ मारून वाटून घेऊ नका.

आणि संसर्गाचे नमुने सोमवारी, निरोगी मंगळवारी असं लावू नका. मिसळून लावा, दर २० नमुन्यांमागे एक सामाईक कंट्रोल.

वॉर्ड_नंबर_चार

काचनळींचं सगळं मान्य. फक्त नमुना कुठल्या हातातून आणि कुठल्या वेळी आला हे वॉर्डातच ठरतं, त्यावर थोडं.

दाखल पेशंटच्या रक्तात आजाराइतकाच आमचाही हात असतो. डेक्स्ट्रोजची बाटली चालू असली की इन्सुलिन वाढतं आणि मोकळी मेदाम्लं दबतात. तुम्ही म्हणणार "या पेशंटमध्ये लायपोलिसिस (चरबी फुटणं) नाही". हेपॅरिनचं इंजेक्शन दिलेलं असलं की लायपोप्रोटीन लायपेज रक्तवाहिनीच्या अस्तरावरून सुटतं आणि आकडा वर उडी मारतो, त्यात नळीतली फोडाफोड वेगळी. व्हेंटिलेटरवर प्रोपोफॉल चालू असेल तर ते १० टक्के सोयाबीन तेलाच्या दुधात असतं, म्हणजे शिरेतून थेट लिनोलेइक. असे पेशंट वगळा, किंवा औषध सुरू व्हायच्या आधीचा नमुना घ्या. रक्त चढवलेलं असेल तर तांबड्या पेशींचा निकाल रक्तदात्याच्या जेवणाचाही निकाल आहे, तोही वगळा.

उपाशीपोटीचा मोकळ्या मेदाम्लांचा आकडा साधारण ०.३ ते ०.६ मिलिमोल. गंभीर आजारात तो १ च्या वर जाऊ शकतो. पण नुसता आकडा बघू नका, अल्ब्युमिनशी गुणोत्तर काढा. निरोगी माणसात अल्ब्युमिनही साधारण ०.६ मिलिमोल असतं, म्हणजे एका रेणूवर एखादंच मेदाम्ल बसलेलं. दाहात अल्ब्युमिन पडतं आणि मेदाम्लं वाढतात, दोन्ही एकदम. लेप्टोत तर कावीळही असते, आणि बिलिरुबिनही त्याच अल्ब्युमिनवर जागा मागतं. लेप्टोस्पायराच्या ग्लायकोलायपोप्रोटीनमधलं ओलेइक आम्ल सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं हे प्रयोगशाळेत दाखवलेलं आहे, त्यामुळं लेप्टोत हे गुणोत्तर काढायला खरंच अर्थ आहे.

यावरूनच सुचवतो, की न्यूमोनिया, डेंग्यू, लेप्टो एकत्र ३० म्हणजे प्रत्येकी १०, आणि तिघांचं तोंड तीन दिशांना. एकच आजार धरा. त्याच पेशंटचे तीन नमुने घ्या: दाखल झाल्या दिवशी, घरी जाताना, आणि सहा ते आठ आठवड्यांनी. निरोगी शेजाऱ्याशी तुलना करण्यापेक्षा पेशंटची त्याच्याशीच तुलना कितीतरी बोलकी. दर नमुन्याबरोबर सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन), ट्रायग्लिसराइड, अल्ब्युमिन हवंच. दाह थांबला की सीआरपी १९ तासांत निम्मं होतं, म्हणून मेदाम्लाच्याच नळीतलं मोजा. आदल्या दिवशीच्या रिपोर्टवरून उतरवू नका.

सांधे_सीआरपी

ऑटोइम्यून बाजूनं बोलतो. संसर्गाचा दाह आगीसारखा, भडकतो आणि विझतो. आमवाताचा शेणीच्या धगीसारखा, महिनोन् महिने. म्हणून आमवातात तांबड्या पेशींचा निकालही आजाराचा रंग घेऊ शकतो, डेंग्यूत घेणार नाही. एवढ्या एका कारणासाठी दोन्ही गटांना एकच माप लावणं चुकीचं आहे.

अ‍ॅराकिडोनिकपासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि ल्युकोट्राइन बी-४ होतात. ईपीए त्याच एन्झाइमची जागा घेतं आणि त्यातून कमी जहाल भावंडं निघतात. प्रोस्टाग्लँडिनच्या कामाला १९८२ चं नोबेल मिळालं, आणि तेव्हापासून "ओमेगा-६ वाईट, ओमेगा-३ चांगलं" असं सोपं सूत्र लोकांच्या डोक्यात बसलंय. ते सूत्र प्रबंधात आणू नका. लिनोलेइक जास्त खाल्लं म्हणून पेशीतलं अ‍ॅराकिडोनिक त्या प्रमाणात वाढत नाही, शरीर ते बऱ्यापैकी बांधून ठेवतं. आणि अ‍ॅराकिडोनिकमधूनच दाह आवरणारे लायपॉक्सिनही बनतात. ओमेगा-६ : ओमेगा-३ हे गुणोत्तर छापायला सोपं, वाचायला निरुपयोगी. वरचा आकडा हलला की खालचा, तेच कळत नाही.

आमवाताच्या पेशंटांत ईपीए कमी दिसल्याचे अभ्यास आहेत. पण त्यातलं किती आजारामुळं, किती भूक गेल्यामुळं, किती औषधांमुळं? स्टेरॉइडनं ट्रायग्लिसराइड आणि मोकळी मेदाम्लं वाढतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विननं लिपिड थोडी उतरतात. टोसिलिझुमॅब आणि टोफासिटिनिब या आमवाताच्याच औषधांनी चढतात. आमवात पेटलेला असताना कोलेस्टेरॉल कमी असतं, औषध लागू पडलं की वाढतं. पेशंट घाबरून विचारतो "औषधानं कोलेस्टेरॉल वाढलं काय हो?" खरं म्हणजे दाहानं दाबलेलं वर आलेलं असतं. ल्युपसचा आणखी वेगळा साचा, ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली. त्यामुळं ल्युपस वेगळा काढा, नाहीतर वगळाच. फॉर्ममध्ये औषध, डोस, किती आठवडे, आणि नमुन्याच्या दिवशीचा डीएएस-२८ (आमवात किती पेटलाय त्याचा गुणांक) हे चार रकाने नसतील तर त्या नमुन्याचा उपयोग नाही.

तंबाखूही लिहा. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत ईपीए-डीएचए कमी सापडतात, आणि धूम्रपान हा आमवाताचाही धोका आहे. निपाणी पट्ट्यात "ओढता काय?" एवढंच विचारून भागत नाही. बिडी वळण्याचं काम, मिश्री, गायछाप सगळं वेगवेगळं विचारा, बायकांना तर नक्कीच. मिश्रीला कुणी व्यसन म्हणून सांगत नाही.

कमी दिसलं म्हणून कॅप्सूल, याबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. आमवातात सांधेदुखी आणि सकाळचा आखडलेपणा कमी व्हायला दिवसाला साधारण ३ ग्रॅम ईपीए + डीएचए लागतं, तेही किमान तीन महिने. साधी १००० मिलिग्रॅमची माशाच्या तेलाची कॅप्सूल बघा: ईपीए १८०, डीएचए १२०, बेरीज ३००. म्हणजे दिवसाला दहा. एक कॅप्सूल घेऊन "फरक नाही" म्हणणाऱ्यांचं गणितच चुकलेलं असतं. २०१५ मध्ये आलेल्या एका चाचणीत नव्या आमवातात तीन औषधांच्या जोडीला ५.५ ग्रॅम विरुद्ध ०.४ ग्रॅम अशी तुलना होती, जास्त डोसच्या गटात औषधं फसण्याचं प्रमाण कमी राहिलं. जोडीला, बदली नाही. मेथोट्रेक्सेट सोडून कॅप्सूलवर बसणं म्हणजे सांधे गमावणं. क्रोन्समध्ये (आतड्याच्या दाहाचा आजार) तर २००८ च्या दोन मोठ्या चाचण्यांत रोज ४ ग्रॅम देऊनही आजार उलटणं थांबलं नाही. २५,८७१ लोकांच्या व्हायटल चाचणीत रोज १ ग्रॅम ओमेगा-३ नं नवे ऑटोइम्यून आजार १५ टक्के कमी दिसले, पण तो फरक आकडेशास्त्रात टिकला नाही. त्याच चाचणीत ड जीवनसत्त्वानं २२ टक्के घट दाखवली आणि ती टिकली. मोठ्या डोसनं हृदयाची लय बिघडण्याचा, एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो. वॉरफरिन घेणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता तर मुळीच नको.

जोंधळ्याची_भाकरी

आहाराच्या प्रश्नावर. शहरी आहारतज्ज्ञांच्या तयार प्रश्नावल्या इकडं फसतात, कारण त्यात "जवस" असं लिहिलेलं असतं. कन्नड घरात ती अगसी, आणि चटणीला हिंडी म्हणतील. कारळ्याला गुरेळ्ळू. दोन्ही भाषांत नाव आणि चमच्याचा फोटो ठेवा.

तेलाचं घरात "कुठलं वापरता" असं विचारू नका, "महिन्याला किती लिटर आणतात, किती माणसं जेवतात" असं विचारा. करडईच्या तेलात लिनोलेइक सुमारे ७५ टक्के, शेंगतेलात ३० च्या आसपास आणि ओलेइक त्याहून जास्त, पामोलिनमध्ये पामिटिकच ४० च्या जवळ. घरात घाण्याचं करडई आणि गाड्यावरची भजी पामोलिनची, असं दोन्ही एका पोटात जातं. पामिटिकची टक्केवारी बघताना हे सोडून चालणार नाही.

जवस: दोन छोटे चमचे पूड, साधारण १० ग्रॅम, त्यात २ ग्रॅमच्या वर अल्फा-लिनोलेनिक. हे झालं कुटलेल्या जवसाचं. अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. पण ते ओमेगा-३ निर्देशांकात जवळजवळ दिसणारच नाही. शरीर अल्फा-लिनोलेनिक बरंचसं जाळून टाकतं, थोडं ईपीए होतं, आणि डीएचए तर शेकड्याला एकापेक्षाही कमी. म्हणून जवस खाणाऱ्याचा निर्देशांक ४ च्या खाली आला तर "जवसाचा उपयोग नाही" असंही नाही आणि "प्रश्नावलीत खोटं सांगितलं" असंही नाही. तो निर्देशांक मोजतच नाही ते.

वडगाव_बायोकेम

@जोंधळ्याची_भाकरी, यावर थोडं अडतंय. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्यांत हे रूपांतर चांगलं होतं असं वाचलंय. मग शाकाहारी लिंगायत, जैन घरांतले पेशंट वेगळे धरायला हवेत काय?

जोंधळ्याची_भाकरी

२०१६ चं पुण्यातल्या शाकाहारी लोकांवरचं काम म्हणताय. एफएडीएस-२ या, मेदाम्लांचं रूपांतर करणाऱ्या एन्झाइमच्या, जनुकातल्या एका छोट्या घुसवणीच्या दोन्ही प्रती असणारे तिथं ६८ टक्के निघाले, अमेरिकेतल्या तुलनेच्या गटात १८ टक्के. पण त्यात एक मेख आहे. ते जनुक ओमेगा-३ आणि ओमेगा-६ अशा दोन्ही साखळ्या जोरानं चालवतं. करडई-सूर्यफुलाचं लिनोलेइक भरपूर असेल तर लिनोलेइकपासून अ‍ॅराकिडोनिकही जोरात बनतं. म्हणजे शाकाहारी माणसात अ‍ॅराकिडोनिक चांगलं भरलेलं दिसलं तर तो दाह समजू नका. जनुक तपासायची सोय नसेल तर शाकाहारी आणि मासे खाणारे असे दोन भाग करून विश्लेषण करा, जातीच्या नावावर जाऊ नका. कागदावर शाकाहारी आणि खानावळीत बांगडा असले बरेच भेटतील.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना विचारायचं विसरू नका. बेळगावातच गरोदर बायकांना रोज ४०० मिलिग्रॅम शेवाळातलं डीएचए देऊन बाळांच्या वाढीचा मोठा अभ्यास झालेला आहे, त्यामुळं डीएचएची गोळी इकडं अनोळखी नाही. निरोगी गटात अशी एखादी आली तर सरासरी ओढून नेईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे अजून कुणी बोललं नाही. तुमचे डेंग्यू आणि लेप्टोचे पेशंट कधी येणार? पावसाळ्यात. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद कधी? १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. त्यावर श्रावण, मग गणपती. कारवार-गोव्याहून चोर्ला घाटानं येणारा ताजा मासा या काळात आटतो, आणि जे खातात ते सुकट आणि सुका बांगडा. उन्हात वाळताना त्यातलं ईपीए-डीएचए बरंच खवट होऊन जातं. म्हणजे संसर्गाच्या गटाच्या तांबड्या पेशी मासे नसलेल्या तीन महिन्यांची आठवण घेऊन येणार, आणि आमवाताचे पेशंट वर्षभर येत राहणार, डिसेंबर-जानेवारीत तर्ल्या (सार्डिन मासे) खाऊन. तर्लीतलं तेलही हंगामानुसार खूप बदलतं. दोन गटांत ओमेगा-३ चा फरक निघेल, आणि तो फरक पंचांगाचा असेल.

सांधे_सीआरपी

हे मात्र झकास की हो. मग आमवाताचे आणि निरोगी गटाचे नमुनेही त्याच महिन्यांत घ्यायला हवेत. संसर्गाचा एक पेशंट आला की त्याच आठवड्यात, त्याच तालुक्यातला, त्याच वयाचा निरोगी एक आणि आमवाताचा एक.

वडगाव_बायोकेम

समजलं. असं ठरवतोय: संसर्गात फक्त न्यूमोनिया. ल्युपस वगळला. महिन्यानुसार जोड्या. धुतलेल्या तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा फॉस्फोलिपिड, टक्के आणि मिलिमोल दोन्ही. मोकळी मेदाम्लं फक्त बेळगावातल्या पेशंटांची. फॉस्फोलिपिड वेगळं काढायला पातळ थराची पट्टी वापरू काय? त्यासाठीच्या तयार कार्ट्रिजला पैसे नाहीत.

काचनळी

पट्टी चालते. सिलिका जेल, हेक्झेन : डायएथिल ईथर : असेटिक आम्ल ८०:२०:१. फॉस्फोलिपिड लावलेल्या जागीच बसून राहतं, बाकी सगळे वर चढतात. पट्टी आधी रिकामीच मेथॅनॉल-क्लोरोफॉर्ममध्ये चालवून धुऊन घ्या, सिलिकाच्या कडेला मेदाम्लांचा मळ असतो. पट्टे दिसायला आयोडीनची वाफ देऊ नका, ते दुहेरी बंधांना धरतं आणि डीएचएच आधी जातं. डायक्लोरोफ्लुरेसिनचा फवारा आणि अतिनील दिवा. खरवडायला वेळ लावू नका. पट्टी उघड्यावर पडली की दहा-पंधरा मिनिटांतही खवटपणा सुरू होतो, म्हणून एका वेळी चारच नमुने लावा आणि दोघांनी मिळून खरवडा. आंतरिक प्रमाण म्हणून इथं २१ कार्बनचं मोकळं आम्ल चालणार नाही, ते वर चढून जाईल. ते फॉस्फोलिपिडाच्या रूपातच घ्या, म्हणजे पट्टीवर सोबत राहील.

वॉर्ड_नंबर_चार

न्यूमोनियाचा पहिला नमुना अँटिबायोटिकच्या आधी मिळणं अवघड, बहुतेक जण गावातल्या डॉक्टरकडून दोन-तीन डोस घेऊनच येतात. हट्ट धरू नका. किती तास आधी सुरू झालं आणि शेवटचं जेवण कधी, एवढं नळीच्या लेबलवरच लिहून घ्या. फॉर्म हरवतात, लेबल हरवत नाही.